ठेवायचं की द्यायचं?

आमच्या कामात एक गंमत आहे. लोकांच्या घरातलं सामान आम्ही बाहेर काढतो. ते भंगारात जातं, कुणा गरजूकडे जातं, कुठेतरी मार्गी लागतं. किस्से मात्र कुठेच जात नाहीत! ते आमच्याकडेच साठतात. टेम्पोतून परत येताना कुणीतरी "त्या दिवशी बघा..." म्हणून सुरू करतं आणि रत्नागिरी येईपर्यंत आम्ही तिघं हसत असतो. मग ते घरी सांगायचे, शेजारी सांगायचे, लग्नात भेटलेल्या मावसबहिणीला सांगायचे. नावं बदलून सांगते हं, आणि ज्यांचे आहेत त्यांना विचारून. एका काकांनी तर फोन करून चौकशी केली होती, "माझा किस्सा चालतोय ना?"

तर आम्ही तिघं म्हणजे कोण? मी विद्या. शाळेच्या लायब्ररीत आयुष्यभर पुस्तकं लावली, रिटायर झाल्यावर हात गप्प बसेनात. दुसरी शमीमा, राजिवड्याची. मानसशास्त्र शिकलेली आहे, समुपदेशन करते, माझ्या निम्म्या वयाची आणि माझ्या दुप्पट शांत. तिसरा दत्ताराम. टेम्पो त्याचा, पाठ त्याची आणि कॉमेंट्रीही त्याचीच.

ज्यांना कुठलीच वस्तू सोडवत नाही, ज्यांच्या घरात माणसांना जागा उरलेली नाही, अशांना आम्ही घर मोकळं करायला मदत करतो. हा आळस नसतो बरं का! शमीमा मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "ताई, आपल्याला पसारा दिसतो. त्यांना एकेक वस्तू दिसते, आणि प्रत्येकीमागे एक कारण असतं." म्हणून आमचा नियम एकच. मालकाला विचारल्याशिवाय चिंधीसुद्धा हलवायची नाही. वस्तू त्याच्या हातात द्यायची आणि विचारायचं, "ठेवायचं की द्यायचं?" बस्स.

ऐकायला सोपं वाटतं ना? ऐका तर मग.

*

कदम काका एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. त्यांच्या हॉलमध्ये जमिनीपासून छतापर्यंत वर्तमानपत्रं. काकू स्वयंपाकघरात जायच्या त्या आडव्या होऊन, पोट आत घेऊन. टीव्ही कुठे आहे ते फक्त आवाजावरून कळायचं.

काकांचं कारण एकदम पक्कं होतं. "एका बाईची दागिन्यांची पिशवी गाडीत राहिली होती. मी ती परत नेऊन दिली. पेपरात फोटो आला होता माझा! तो पेपर सापडत नाही. तो एक सापडू दे, बाकीचे सगळे घेऊन जा."

आता याला नाही कसं म्हणणार? बसलो. एकेक गठ्ठा, एकेक पान. नऊ दिवस! आमची बोटं काळी, नाकं काळी. दत्ताराम जुन्या बातम्या मोठ्याने वाचायचा, काका त्यावर मतं द्यायचे आणि काकू दर तासाला चहा नाहीतर कोकम सरबत आणून ठेवायच्या.

नवव्या दिवशी शेवटचा गठ्ठा संपला. फोटो नाही. काका भिंतीला टेकून बसले. चेहरा असा उतरला की मला स्वतःचाच राग आला.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय हो, काय झालं?"

"अगं, माझा फोटो! पेपरातला!"

"तो होय?" काकू आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. लग्नातल्या शालूच्या घडीतून त्यांनी कात्रण काढून आणलं. चक्क लॅमिनेट केलेलं! "हा मी त्याच दिवशी कापून ठेवला होता."

काकांनी कात्रण उलटसुलट करून पाहिलं. "मग... इतकी वर्षं... बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? मला वाटलं, तुम्हाला वाचनाची आवड!"

"आणि हे नऊ दिवस?"

"मला वाटलं, रद्दीत घालण्याआधी एकदा वाचून घेताय."

संध्याकाळपर्यंत हॉल रिकामा. फोटो भिंतीवर. काकू हॉलमधून सरळ चालत गेल्या, परत आल्या, परत गेल्या. मग म्हणाल्या, "अय्या, आपली फरशी हिरवी आहे!"

*

नाचणे रोडच्या सुलभाताईंकडे प्लास्टिकचे डबे. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, मिठाईचे. ओट्यावर डबे, ओट्याखाली डबे, बाथरूममध्ये बादलीत डबे. घरात त्या आणि त्यांची अविवाहित नणंद, दोघीच. नणंदबाई बँकेतून रिटायर झालेल्या, तोंडाने फटकळ.

शमीमाने युक्ती काढली. "ताई, आपण झाकणं जुळवू या. ज्याला झाकण मिळेल तो डबा राहील."

सुलभाताई खूश! अहो, लग्नंच लावत बसल्या. "ह्याला ही शोभते... नाही, ही सैल होतेय... हं, जमलं!" तीन दिवस झाकण-डबा, झाकण-डबा. शेवटी एका बाजूला जमलेल्या जोड्या आणि दुसऱ्या बाजूला बिनझाकणाच्या डब्यांचा डोंगर.

"हे द्यायचे ना?" मी हळूच विचारलं.

सुलभाताईंनी एक बिनझाकणाचा डबा पोटाशी धरला. "जोडीदार मिळाला नाही म्हणून काय घराबाहेर काढायचं? आमच्या वन्संनाही नाही मिळाला. काढलं का मी?"

नणंदबाईंनी हातातला पेपर खाली केला.

"वहिनी, मला झाकण नकोच होतं! आणि त्या डब्यांनाही विचारा, त्यांना तुमच्या घरात राहायचंय का!"

मग सुलभाताईच पहिल्यांदा हसल्या आणि हसता हसता त्यांनी स्वतःच्या हाताने पहिला डबा पोत्यात टाकला.

*

मिरकरवाड्याच्या तांडेल काकांचा किस्सा मात्र हसत सुरू होत नाही.

काका मोठ्या ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे, सगळ्यांचे मुख्य. वय झालं, बोट विकली. जाळी मात्र घरी आली. जिन्यावर जाळी, गच्चीवर जाळी, पलंगाखाली दोर, मोरीत प्लास्टिकचे तरंगते गोळे. एक दिवस काकींचा पाय जिन्यात जाळ्यात अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, घरात वॉकर फिरेल एवढी वाट करा, तोपर्यंत सोडणार नाही.

काका जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी एक जाळं त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, एक फाटकी गाठ बोटांनी चाचपली.

"बोट दिली, बाय. आता जाळा पन दिला तर मी कोन गो?"

दत्ताराम त्यांच्या खालच्या पायरीवर टेकला. तो म्हणाला, "काका, माझ्या ओळखीचा एक बागवाला आहे. माकडांनी त्याची भाजी, फणस, केळी काही ठेवली नाहीत. त्याला बागेभोवती लावायला जाळी हवी आहेत. पण लावायची कशी ते त्याला समजत नाही."

काकांनी मान वर केली. "कशी लावनार तो? त्याला गाठ येते काय?"

"कुठली येते!"

"मग मना घेवन चल."

चार दिवसांत जिना मोकळा झाला. टेम्पोत पुढे काका बसून, मागे सगळी जाळी. पाचव्या दिवशी काकी वॉकर घेऊन घरात शिरल्या, दारापासून पलंगापर्यंत कुठेही न अडखळता. काका पाठीमागून हात पसरून चालत होते, जणू त्या पहिलं पाऊल टाकतायत. शमीमाने तोंड फिरवून डोळे पुसले. मी नाही फिरवलं, तसेच पुसले.

आठवड्याने मी काकांना फोन केला. "काका, जाळी लागली?"

"लागली! एक नंबर! मी सोता बांधली."

"मग माकडं?"

"माकडा भायेरच बसलीत."

"वा! म्हणजे काम झालं!"

"झाला कसला! बागवालाच आत अडाकलाय. त्यालाच सोडवाया आलोय!"

*

आता बाईंचं सांगते. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मिस्टर गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या.

फोनवर आवाज इतका हळू, की मला वाटलं रेंज नाही. "मुलगी डोंबिवलीला असते. पहिली वेळ आहे. बाळंतपणाला माहेरी यायचं म्हणतेय. मी तिला दोनदा टाळलं. सासरची माणसं म्हणतात, आईला नको झालीय का मुलगी? पण तिला आणू कुठे हो मी? पाळणा टांगायला जागा नाही घरात. मुलीला यातलं काही माहीत नाही. आम्ही बाहेरच भेटतो, भाट्याच्या किनाऱ्यावर."

गेलो. बाईंनी दार उघडलं, पण साखळी लावून. फटीतून एक डोळा. "आज नको. बुधवारी या." बुधवारी गेलो. "आज नको." शमीमाने काय केलं असेल? ती सरळ जिन्यातच बसली आणि दाराच्या फटीतून बाईंशी गप्पा मारायला लागली. हवापाण्याच्या, मासळीच्या, बीजगणिताच्या. असे पाच बुधवार. सहाव्या बुधवारी साखळी निघाली.

आत मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिका, मिस्टरांचे कपडे, किमतीची चिठ्ठीही न काढलेल्या साड्या, रिकाम्या बाटल्या. न्हाणीघरापर्यंत जायची एक चिंचोळी वाट, बाकी सगळं कमरेएवढं. बाई एकेक वस्तू हातात घ्यायच्या. कधी एका शर्टाला अर्धा तास लागायचा. आम्ही थांबायचो. घाई करून हे काम होत नाही, उलट बिघडतं.

दोन महिन्यांनी टेम्पो पहिल्यांदा गच्च भरला. बाईंनी सगळं स्वतःच्या हाताने दिलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षा करून थेट दत्तारामच्या दारात! "माझं सामान कुठाय? मला सगळं परत हवंय!"

दत्ताराम दात घासत होता. त्याने टेम्पोचं मागचं फळकूट खाली पाडलं. सगळं जसंच्या तसं आत! "मी दोन दिवस खाली करतच नाही, बाई. कुणीतरी येणार हे ठाऊक असतं. चढा वर. हवं ते घ्या."

बाई वर चढल्या. तिथेच एका पोत्यावर बसून सगळं परत तपासलं. दत्ताराम सांगतो, "मॅडम, बोर्डाचा पेपर तपासावा तसा माझा टेम्पो तपासला!" तासाभराने खाली उतरल्या तेव्हा हातात एकच वस्तू होती. मुलीची पहिलीतली पाटी. बाकीच्या सामानाकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"न्या बाकीचं," म्हणाल्या. "आणि आज दुपारी तिघंही या. मधली खोली करायची आहे."

त्यानंतर बाई ज्या सुटल्या! आम्हीच दमायला लागलो. आठव्या महिन्यात लेक माहेरी आली. तिने घर बघितलं, आईला बघितलं आणि काही न बोलता आईच्या गळ्यात पडली. तिला बहुतेक सगळं आधीच माहीत होतं.

बारशानंतर आम्ही तिघं बाळाला बघायला गेलो. कपडे, खुळखुळा, दत्तारामने आणलेली पेढ्यांची पुडी. बेल वाजवणार, एवढ्यात दार किलकिलं झालं. बाईंचा एक डोळा. ओठावर बोट.

"शूऽऽ! आत्ताच झोपलंय. बुधवारी या!"

आणि दार बंद!

*

दत्तारामचा टेम्पो दोन दिवस भरलेला असतो म्हटलं ना, त्यावरून आठवलं.

एकदा एका बाईंचा फोन आला. आवाज हळू, चोरटा. "मॅडम, आमच्या घरी याल का? फार झालंय हो. पडवीत तीन कपाटं आहेत, सहा खुर्च्या आहेत, त्यातल्या चार मोडक्या. दोन शिलाई मशिनी, पण सुई एकीलाही नाही. काल तर कुणाची तरी हत्तीची मूर्ती आणलीय. पाणी भरायला जायचं तर हत्तीला वळसा घालून जावं लागतं!"

मी सवयीप्रमाणे वही उघडली. "अहो, काळजी करू नका. कोण आणतं हे सगळं?"

"आमचे हे."

"त्यांना सामान सोडवत नाही का?"

"त्यांना म्हणे लोकांच्या वस्तू टाकवत नाहीत. दोन दिवस थांबतो म्हणतात, मग चार दिवस, मग घरातच."

"बरं. काय करतात तुमचे मिस्टर?"

पलीकडचा आवाज आणखी खाली आला.

"तुमचाच टेम्पो चालवतात, मॅडम."

दुसऱ्या दिवशी शमीमा आणि मी त्याच्या पडवीत उभ्या राहिलो. हत्ती उचलून त्याच्या हातात दिला आणि एका सुरात विचारलं. दत्ताराम लाजला हो! आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कॉमेंट्री सुचली नाही. हत्ती मात्र त्याने ठेवला. "गणपतीला आरास करायला लागेल," म्हणाला.

*

आणि आता पावसकडच्या दोन भावांचं.

पावसच्या वाटेवर एका गावात जांभ्या दगडाचं, कौलारू घर. थोरले अण्णा पुढच्या दाराने ये-जा करायचे, धाकटा वसंता मागच्या दाराने. मध्ये एक मोठी खोली, तिला दोन्हीकडून दार. चौदा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. अण्णांना काही टाकवत नसे. मोडके पंखे, पत्रे, बाटल्या, जुन्या चौकटी, सगळं ते मधल्या खोलीत ठेवायचे. मग वसंतानेही आपल्या बाजूने ठेवायला सुरुवात केली. खोली दोन्हीकडून भरत गेली आणि एक दिवस घराच्या आत सामानाची भिंतच उभी राहिली.

पहिला फोन अण्णांच्या बायकोचा. "मधल्या खोलीच्या छपराला वाळवी लागलीय. सुतार म्हणतो, खोली मोकळी झाली तर वासे बदलतो, नाहीतर पावसात सगळं घर बसेल. पण पलीकडच्यांना कळू देऊ नका."

तीन दिवसांनी दुसरा फोन, एका पुरुषाचा. "छपराचा धोका आहे. खोली रिकामी करायचीय. पण पलीकडच्यांना कळता कामा नये." पत्ता लिहून घेतला आणि मी शमीमाकडे बघितलं. पत्ता तोच!

आम्ही दोन्ही भावांना खरं काय ते सांगितलं. मग दोघंही म्हणाले, "आपापल्या बाजूने काढू."

त्याप्रमाणे मी अण्णांच्या बाजूला, शमीमा वसंताच्या बाजूला. दत्ताराम घराला वळसे घालून घालून दमला. म्हणाला, "मॅडम, हा कोकण रेल्वेचा बोगदा आहे. दोन्हीकडून खणत यायचं. मध्ये भेटले तर ठीक!"

अण्णांना फार जड गेलं. एका मोडक्या कंदिलावरून ते रागाने उठून गेले आणि दीड दिवस फिरकलेच नाहीत. पण परत आले. कंदील स्वतः उचलून दत्तारामच्या हातात दिला.

आठव्या दिवशी सामानातून पलीकडचा उजेड दिसला. धूळ इतकी की अण्णांना खोकल्याची उबळ आली. पलीकडून वसंताचा आवाज, "शमीमा, त्यांना सांग, तोंडाला फडकं बांधा. दमा आहे त्यांना."

मध्ये अंतर किती? चार हात!

अण्णा म्हणाले, "विद्याताई, त्याला सांगा, मला माहीत आहे."

मी सांगितलं. काय करणार? आणि अण्णांनी फडकं बांधलं.

दहाव्या दिवशी खोलीत एकच वस्तू उरली. मधोमध, खांबाला टेकवून उभा केलेला एक कॅरम बोर्ड. जुना, जाड लाकडाचा. एका दारात अण्णा, दुसऱ्या दारात वसंता. त्यांच्या मागे आपापल्या दारात दोघांच्या बायका.

"ठेवायचं की द्यायचं?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "त्याला विचारा."

वसंता म्हणाला, "त्यांना विचारा."

दत्ताराम बोर्ड धरून उभा. त्याने शमीमाकडे बघितलं. तिने मान हलवली, तसा त्याने दोन खोके ओढले आणि बोर्ड त्यांच्यावर आडवा ठेवला.

मग वसंता पुढे आला आणि त्याने फुंकर मारून धूळ उडवली. अण्णाही आले. तोंडावरचं फडकं सोडून त्यांनी बोर्ड पुसायला घेतला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. पुसता पुसता, नजर वर न करता म्हणाले,

"सोंगट्या कुठायत?"

दारातल्या दोघी होत्या तिथेच थबकल्या.

वसंता आत गेला आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. जमिनीवर बसला, सोंगट्या मांडायला लागला. काळी, पांढरी, काळी, पांढरी. मध्ये एक गोल जागा तशीच राहिली.

"राणी नाहीये," तो म्हणाला. "तेव्हापासूनच नाहीये."

अण्णांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग वळले आणि आपल्या बाजूच्या खोलीत गेले. देव्हाऱ्याखालचा खण ओढल्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. परत आले तेव्हा त्यांची उजवी मूठ बंद होती. गुडघ्यावर हात टेकत ते वसंताच्या समोर बसले, मूठ उघडली आणि लाल राणी बोर्डाच्या मधोमध ठेवली.

"ब्रेक तू कर," ते म्हणाले.